लाकडी पेटीच्या झाकणावर षट्कोनी ताऱ्याचे जडावकाम

एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ज्या नक्षीदार पेट्या विलायतेत गेल्या, त्यांच्यावरचे काम सादेली म्हणून ओळखले जाते. मुंबई आणि सुरत ही त्याची मोठी केंद्रे होती. लाकूड, शिंग, हस्तिदंत आणि कथील यांच्या त्रिकोणी किंवा समभुज छेदाच्या बारीक काड्या एकत्र बांधून सरसाने चिकटवायच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते काप पेटीवर डकवायचे, अशी ती रीत होती. जपानमधील हाकोने येथील योसेगी कामातही तत्त्व हेच आहे. तेथे वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडांचा नक्षीदार ठोकळा तयार करून त्यावरून रंध्याने कागदासारखे पातळ पापुद्रे काढले जातात. या दोन्ही कलांमध्ये कारागीर नक्षी काढत बसत नाही. तो एकसारखे तुकडे तयार करतो आणि नक्षी त्या तुकड्यांच्या मापातून जुळून येते. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून हीच गोष्ट धरून चालावे, असे मला मनापासून वाटते, कारण भौमितिक जडावकामात हाताच्या नजाकतीपेक्षा फर्म्याच्या, म्हणजे तुकडा ठरावीक मापात व कोनात धरणाऱ्या साच्याच्या, अचूकपणाला अधिक महत्त्व आहे, आणि अचूक फर्मा कोणालाही चिकाटीने तयार करता येतो.

येथे २४० × १६० मिमी झाकणाच्या सागवानी पेटीसाठी एक नमुना घेतला आहे. मध्यभागी सहा पाकळ्यांचा तारा सामावून घेणारा षट्कोन आणि कडेने चौकड्यांची किनार, असा हा नमुना आहे. पेटीचे खोके तयार आहे असे गृहीत धरून केवळ झाकणाच्या कामाचे वर्णन केले आहे.

नमुन्याचे गणित

षट्कोनासाठी ६० अंशांचे बारा समभुज चौकोन लागतात, सहा गडद आणि सहा फिकट. गडद सहा चौकोनांचे लघुकोन एका बिंदूत आणले की तारा होतो. ताऱ्याच्या दोन पाकळ्यांमध्ये जी १२० अंशांची खाच उरते, तिच्यात फिकट चौकोनाचा विशालकोन नेमका बसतो. सहाही खाचा भरल्या की बाहेरची आकृती आपोआप सुसम षट्कोन होते आणि ताऱ्याचे प्रत्येक टोक षट्कोनाच्या बाजूच्या बरोबर मध्यावर येते, कारण त्या टोकाशी ६० अंशांचे तीन कोन मिळून १८० अंशांची सरळ रेषा तयार होते. कागदावर एकदा कंपासने ही आकृती काढून पाहावी. पुढची प्रत्येक पायरी त्यामुळे सोपी होते.

आता मापे पाहू. आपण २० मिमी रुंदीच्या पट्टीतून चौकोन कापणार आहोत, आणि तिरके कापही एकमेकांपासून काटकोनात मोजून २० मिमी अंतरावर घेणार आहोत. अशा चौकोनाची बाजू २३.१ मिमी येते, लांब कर्ण ४० मिमी येतो आणि पूर्ण षट्कोनाचे समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर पट्टीच्या रुंदीच्या चौपट, म्हणजे ८० मिमी भरते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर ९२.४ मिमी असते. झाकण लहान असेल तर पट्टीची रुंदी कमी करावी. बाकीची सर्व मापे त्याच प्रमाणात बदलतात. मात्र पहिल्या कामासाठी १५ मिमीहून अरुंद पट्टी घेऊ नये, कारण तुकडा जितका लहान, तितकी तीच चूक डोळ्यांना अधिक खुपते.

लाकडाची निवड

गडद रंगासाठी शिसवाला पर्याय शोधण्याची गरज नाही. फर्निचरच्या कारखान्यात किंवा जुन्या लाकडाच्या वखारीत शिसवाचे तोडके तुकडे मिळतात आणि आपल्याला लागते तेही मूठभरच. शिसवाच्या नावाखाली शिसम दिले जाते, ते रंगाने अधिक तपकिरी आणि पट्टेदार असते; वापरायला हरकत नाही, पण दोन्ही एकाच ताऱ्यात मिसळू नयेत. फिकट रंगासाठी हळदू मला सर्वांत अधिक आवडते, कारण त्याचे तंतू बारीक आणि एकसारखे असतात, कड तुटत नाही आणि पिवळसर रंग शिसवाशेजारी उठून दिसतो. हळदू न मिळाल्यास शिवणीचे लाकूड चालते. ते मऊ असल्याने त्यावर रंधा अधिक धारदार लागतो. फणसाचे लाकूड ताजे असताना सोनेरी पिवळे दिसते खरे, परंतु उजेडात ते हळूहळू तपकिरी होत जाते आणि सागवानाच्या पार्श्वभूमीवर त्याचा फरक कमी होत जातो. रंगवलेली लाकडे या कामात वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सपाटीकरणाच्या वेळी वरचा थर निघून जातो आणि रंग आतपर्यंत पोहोचलेला नसेल तर डाग पडतात.

कोरड्या लाकडाचा रंग पाहून निर्णय घेऊ नये. प्रत्येक तुकड्यावर स्पिरिटचा बोळा फिरवावा. ओले असताना जो रंग दिसतो, तोच जवळजवळ पॉलिशनंतर दिसतो. शिसवाच्या वस्तू भेट म्हणून परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिसव आणि शिसम ज्या डालबर्जिया प्रजातीतील आहेत, त्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या कक्षेत आला आहे, त्यामुळे पाठवण्याआधी नियम तपासणे आवश्यक आहे.

झाकणाच्या मूळ फळीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जडावकाम उखडण्याचे सर्वांत मोठे कारण तेथेच असते. अखंड लाकूड पावसाळ्यात आडव्या दिशेने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. षट्कोनातील बारा तुकड्यांचे तंतू मात्र वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून खालची फळी एका दिशेने हलू लागली की सांधे उघडतात. कोकणात आणि मुंबईत, जेथे जून ते सप्टेंबर हवेत सतत दमटपणा असतो, तेथे हे हमखास होते. म्हणून मूळ फळी ९ मिमीच्या चांगल्या प्लायवूडची घ्यावी आणि तिच्या वर व खाली २.५ मिमी जाडीचे सागवानी काप चिकटवावेत. केवळ वरच्या बाजूस काप चिकटवल्यास फळीला बाक येतो. खालचा काप कोणाला दिसणार नाही म्हणून तो टाळण्याचा मोह होतो, पण तो टाळू नये. प्लायच्या कडा झाकण्यासाठी चारही बाजूंनी सागवानी पट्ट्या ४५ अंशांत जुळवून लावाव्यात आणि त्या पट्ट्यांसह झाकण २४० × १६० मिमी भरेल असे माप आधीच धरावे.

सर्व लाकडे काम जेथे करायचे तेथेच निदान दोन आठवडे ठेवावीत. पातळ काप दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवावेत, नाहीतर ते एका रात्रीत वळतात.

पट्ट्या आणि फर्मा

शिसव आणि हळदू यांचे साधारण २२ मिमी रुंद आणि २५० मिमी लांब ठोकळे घ्यावेत. ठोकळ्याचा एक चेहरा रंध्याने सपाट करून त्याच्यापासून पाऊण ते एक सूत जाडीचा, म्हणजे अडीच ते तीन मिमीचा काप करवतीने काढावा, पुन्हा चेहरा रंधून पुढचा काप काढावा. कापाची करवतीची बाजू रंधून जाडी २ मिमीवर आणावी. बाजारातील तयार विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, अर्ध्या मिमीच्या आसपास असते. त्यावर हा नमुना करता येतो, परंतु सपाट करताना थोडे अधिक घासले गेले की खालचा प्लाय दिसू लागतो, म्हणून पहिल्या कामाला स्वतः कापलेले २ मिमीचे कापच घ्यावेत.

पट्टीच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर आणि रुंदी सर्वत्र २० मिमी असली पाहिजे. नेमके २० मिमी भरण्यापेक्षा सर्व पट्ट्या एकमेकींसारख्या असणे अधिक महत्त्वाचे आहे. पट्टी १९.८ मिमी भरली तर षट्कोन किंचित लहान होईल, एवढेच. पण एक पट्टी १९.८ आणि दुसरी २०.१ असेल तर तारा जुळणारच नाही. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्यावर मोजावी आणि ०.१ मिमीहून अधिक फरक असलेली पट्टी बाजूला काढावी. सर्व पट्ट्या एकत्र धरून त्यांच्या कडांवरून एकदाच रंधा फिरवला तर हे काम बरेच सोपे होते.

आता फर्मा तयार करावा. १२ मिमी एमडीएफचा, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीचा, साधारण ३०० × २०० मिमीचा तुकडा घेऊन त्याची एक लांब कड पूर्ण सरळ करावी. या कडेला लागून रंधा आडवा पाडून चालवायचा आहे. कडेशी ६० अंशांचा कोन करणारी कठीण लाकडाची एक पट्टी फळीवर बसवावी. तिला आपण आडपट्टी म्हणू. कोन मांडण्यासाठी कंपासपेटीतला गुण्या सुरुवातीला पुरेसा आहे, परंतु त्याची खात्री करून घ्यावी. कागदावर १५० मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढून तीच त्रिज्या परिघावर टाकली की मध्यबिंदूशी नेमका ६० अंशांचा कोन मिळतो, आणि एवढ्या मोठ्या आकृतीवर गुण्यातील किंवा आडपट्टीतील दोष लगेच दिसून येतो.

या कोनाची इतकी काळजी का घ्यायची, ते आकड्यांतून स्पष्ट होईल. प्रत्येक तुकड्यात केवळ अर्ध्या अंशाची चूक असेल, तर सहा तुकड्यांत ती तीन अंशांची होते आणि शेवटच्या दोन पाकळ्यांमध्ये, २३.१ मिमी अंतरावर, सुमारे १.२ मिमीची फट पडते. लाकडाची भुकटी आणि फेविकॉल कालवून ती फट भरता येते, पण पॉलिश चढल्यावर तो डाग काळपट रेघेसारखा कायमचा दिसतो. म्हणून आडपट्टी एका स्क्रूवर थोडी फिरेल अशी ठेवावी, टाकाऊ लाकडाचे सहा तुकडे कापून ते मध्याभोवती जुळवून पाहावेत, फट उरली किंवा शेवटचा तुकडा बसेना तर आडपट्टी केसभर सरकवावी, आणि सहा तुकडे फट न राहता बंद झाल्यावरच दुसरा स्क्रू घट्ट करावा. या चाचणीत एखादी दुपार गेली तरी ती खर्ची घालावी.

फर्म्याला आणखी एक भाग लागतो, तो म्हणजे थांबा. सरळ कडेला समांतर आणि तिच्यापासून पट्टीच्या रुंदीइतक्या अंतरावर एक लहान पट्टी स्क्रूने बसवायची असते. हे अंतर फूटपट्टीने मोजू नये. आपण तयार केलेल्या २० मिमीच्या पट्ट्यांपैकीच एक पट्टी फर्म्याच्या कडेला जुळवून ठेवावी आणि तिला टेकवून थांबा घट्ट करावा. अशा रीतीने पट्टीची रुंदी आणि तिरक्या कापांमधील अंतर मोजमापाशिवाय एकच राहते, आणि समभुज चौकोनाच्या चारही बाजू समान होण्यासाठी तेवढेच पुरते.

चौकोन कापणे

प्रत्येक पट्टीच्या वरच्या चेहऱ्यावर खडूची एक लांब रेघ ओढून घ्यावी. याचे कारण असे की, पट्टीतून कापलेल्या चौकोनाचे तंतू त्याच्या बाजूंच्या एका जोडीला समांतर असतात. सर्व चौकोन एकाच चेहऱ्याने वर ठेवले तर ताऱ्याच्या प्रत्येक पाकळीत तंतू एकाच क्रमाने फिरत जातात आणि उजेड पडल्यावर पाकळ्या आळीपाळीने उजळतात. एखादा चौकोन चुकून उलटा पडला तर मापाने तो बरोबर बसतो, परंतु त्याची चमक इतरांपेक्षा वेगळी दिसते आणि नजर सारखी तेथेच जाते. खडूची रेघ वर आहे ना, एवढे पाहत गेले की हा दोष राहत नाही.

थांबा काढून ठेवावा. पट्टी आडपट्टीला टेकवून तिचे टोक फर्म्याच्या कडेबाहेर किंचित काढावे आणि धारदार रंध्याने पातळ छिलका घेत टोक ६० अंशांत सरळ करावे. मग त्या कडेपासून साडेवीस मिमी अंतरावर, त्याच कोनात, बारीक दात्यांच्या हातकरवतीने तुकडा कापून घ्यावा. उरलेल्या पट्टीचे टोक पुन्हा रंधावे आणि पुढचा तुकडा कापावा. प्रत्येक लाकडाचे आठ तुकडे काढावेत. त्यांतील सर्वांत चांगले सहा वापरता येतात. एवढे लहान तुकडे कापण्यासाठी टेबल सॉ किंवा माइटर सॉ या विजेच्या करवती वापरू नयेत. बोटे पात्याच्या फार जवळ जातात आणि सुटलेला तुकडा पाते दूर फेकते.

सर्व तुकड्यांची एक बाजू अशी तयार झाल्यावर थांबा बसवावा. आता तुकडा सपाट ठेवूनच अर्धा वळसा फिरवावा, म्हणजे त्याची रंधलेली बाजू थांब्याला टेकेल आणि करवतीची बाजू बाहेर येईल. ती बाजू कडेच्या रेषेत येईपर्यंत रंधावी. तुकडा बोटाने न दाबता लाकडाच्या एका चपट्या काडीने दाबून धरावा. रंधा आडपट्टीच्या दिशेने ढकलायचा असतो, म्हणजे मागचा अणकुचीदार कोपरा आडपट्टीच्या आधारामुळे तुटत नाही. तरीही तो तुटत असेल तर पाते पुन्हा परजून घ्यावे. रंध्याऐवजी पॉलिश पेपरने कडा घासण्याचा सल्ला काही जण देतात, पण पेपरने कड सूक्ष्मशी गोल होते आणि सांध्यात बारीक काळी रेघ उमटते.

तारा जुळवणे

सहाही पाकळ्या एकदम चिकटवू नयेत. गडद चौकोनांचे तीन-तीनचे दोन गट करावेत. तीन लघुकोन मिळून १८० अंश होतात, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या ताऱ्याला मध्यबिंदूतून जाणारी एक सरळ कड मिळाली पाहिजे. पट्टी लावून ती पाहावी. कोनात उरलेली अगदी लहानशी चूक येथे सुधारता येते, कारण दोन्ही अर्ध्या ताऱ्यांच्या सरळ कडांवरून एकेक छिलका काढला की ते एकमेकांशी घट्ट जुळतात. मात्र एकाहून अधिक छिलके काढावे लागत असतील तर मध्यबिंदू सरकू लागतो आणि तेव्हा तुकडेच पुन्हा कापणे योग्य ठरते.

चिकटवण्यासाठी तुकडे चेहरा वर ठेवून सपाट काचेवर जुळवावेत आणि प्रत्येक सांध्यावर मास्किंग टेप आडवी ताणून लावावी. नंतर सर्व उलटे करावे. टेप आता बिजागरीचे काम करते. सांधा किंचित उघडून त्याच्या कडेला काडीने फेविकॉलचा बारीक थर द्यावा, सांधा मिटावा आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच टिपावा. शिसव आणि सागवान ही तेलकट लाकडे आहेत, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी त्यांच्या कडा थिनरच्या फडक्याने पुसून घ्याव्यात. दोन्ही अर्धे वाळल्यावर एकमेकांना जोडावेत आणि त्यानंतर सहा फिकट चौकोन खाचांत बसवावेत. फिकट चौकोन घट्ट जात असेल तर ठोकून बसवू नये. त्याच्या एका बाजूवरून छिलका काढावा.

षट्कोन पूर्ण वाळला की त्याच्या सहा बाजू पट्टीने तपासाव्यात आणि गरजेपुरत्या रंधाव्यात. ताऱ्याची टोके नेमकी बाजूवर असल्याने येथे हात फार आखडता ठेवावा लागतो, कारण अर्धा मिमी अधिक गेला तरी टोक बोथट दिसते. समोरासमोरच्या बाजूंमधील तिन्ही अंतरे मोजून त्यांत ०.३ मिमीहून अधिक फरक नाही, याची खात्री करावी. मग बाहेरून शिसवाची १ मिमी जाडीची रेघ फिरवावी. षट्कोनाचा कोपरा १२० अंशांचा असल्याने या काड्यांची टोके ६० अंशांत कापायची असतात, म्हणजे त्यासाठीही आपला फर्मा तसाच उपयोगी पडतो. ही रेघ लावल्यावर षट्कोन ८२ मिमी भरतो. मागची बाजू स्क्रेपरने, म्हणजे लाकूड खरवडण्याच्या पोलादी पत्र्याने, एका पातळीत आणावी, नाहीतर खोबणीत बसवताना खाली पोकळी राहते.

खोबण

झाकणावर दोन मध्यरेषा आखून षट्कोन त्यांवर असा ठेवावा, की त्याचे दोन कोपरे झाकणाच्या लांबीच्या दिशेने येतील. षट्कोन आणि झाकण या दोहोंवर बाणाची खूण करावी, कारण षट्कोन सहा प्रकारे बसू शकतो, पण तो ज्या स्थितीत आखला आहे त्याच स्थितीत सर्वांत चांगला बसतो. दुहेरी टेपने तो जागेवर टिकवून त्याच्या कडेने धारदार चाकूने खोल रेघ मारावी. पेन्सिलीची रेघ येथे उपयोगाची नाही. तिला जाडी असते, आणि चाकूच्या रेघेत पटाशीची धार आपोआप जाऊन बसते.

ट्रिमरची, म्हणजे खाच कापणाऱ्या लहान विजेच्या यंत्राची, खोली १.७ मिमी ठेवून चाकूच्या रेघेच्या एक मिमी आतपर्यंतचे लाकूड काढावे आणि उरलेली कड पटाशीने उभी छाटावी. षट्कोनाच्या कडा मागच्या बाजूस अगदी थोड्या तिरप्या केल्या तर तो खोबणीत दाबून बसतो आणि वरून फट दिसत नाही. खोबणीत फेविकॉलचा पातळ थर द्यावा, षट्कोन बसवावा, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून शिकंज्याने दाबावे आणि एक पूर्ण दिवस तसेच राहू द्यावे. पावसाळ्यात दोन दिवस ठेवावे.

चौकड्यांची किनार

किनारीसाठी सादेलीचेच तत्त्व वापरायचे आहे, म्हणजे आधी नक्षीचा ठोकळा आणि मग त्याचे काप. शिसव आणि हळदू यांच्या ५ मिमी जाड, २५ मिमी रुंद आणि १५० मिमी लांब अशा प्रत्येकी दहा पट्ट्या आलटून पालटून रुंद बाजूंनी चिकटवाव्यात, म्हणजे १०० मिमी रुंदीचा पट्टेदार ठोकळा तयार होतो. त्याचे तंतूंना आडवे असे ५ मिमी जाडीचे काप घ्यावेत. दोन काप शेजारी ठेवून त्यांतील एक काप एका पट्ट्याइतका सरकवून चिकटवला की दोन ओळींचे चौकडे दिसू लागतात. या सांध्यात तंतूंची टोके एकमेकांसमोर येतात आणि ती गोंद शोषून घेतात, म्हणून आधी फेविकॉलचा एक पातळ हात देऊन तो सुकल्यावर दुसरा हात द्यावा. जोडलेल्या कापांच्या दोन्ही लांब बाजूंना शिसवाची १ मिमी जाड पट्टी लावावी. आता १२ मिमी रुंद, सुमारे ९५ मिमी लांब आणि २५ मिमी उंच ठोकळा हाती येतो, ज्याचे उंचीतून २ मिमीचे काप घेतले की सात-आठ किनारपट्ट्या निघतात. एवढ्या झाकणासाठी असे दोन ठोकळे पुरतात.

किनारीची जागा ठरवताना चौकड्यांची संख्या विषम ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. लांबीत ४१ आणि रुंदीत २५ चौकडे घेतले तर चारही कोपऱ्यांत एकाच रंगाचा चौकडा येतो. सम संख्या घेतली तर समोरासमोरचे दोन कोपरे गडद आणि दोन फिकट येतात, आणि झाकण कळत नकळत वाकडे वाटते. ४१ आणि २५ चौकड्यांची बाहेरची मापे २०५ आणि १२५ मिमी येतात, दोन्हीकडची शिसवाची रेघ मिळून २०७ आणि १२७ मिमी होतात, म्हणजे किनार झाकणाच्या प्रत्येक कडेपासून १६.५ मिमी आत बसते. हे गणित कागदावरचे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक चौकड्यात ०.०५ मिमीचा फरक राहिला तरी ४१ चौकड्यांत तो दोन मिमीवर जातो. म्हणून आधी किनारपट्ट्या तयार कराव्यात, जुळवलेल्या ४१ चौकड्यांची खरी लांबी मोजावी आणि त्यावरून खाचेची जागा आखावी.

खाच १२ मिमीच्या सरळ बिटने, १.७ मिमी खोल घ्यावी. ट्रिमर फिरल्यावर गोल राहिलेले कोपरे पटाशीने चौरस करावेत. पट्ट्या कोपऱ्यांपासून बसवायला सुरुवात करून मध्याकडे यावे. कोपऱ्यातील ४५ अंशांचा काप चौकड्याच्या कर्णावरून गेला पाहिजे, आणि दोन पट्ट्यांमधला सांधा नेहमी दोन चौकड्यांच्या सीमेवर घ्यावा, म्हणजे तो दिसत नाही.

सपाटी आणि पॉलिश

गोंद पूर्ण वाळल्यावर उंच राहिलेले जडावकाम स्क्रेपरने झाकणाच्या पातळीत आणावे. येथे रंधा टाळावा, कारण तंतूंची दिशा प्रत्येक तुकड्यात बदलते आणि कोठेतरी लाकूड उचकटतेच. शिसवाची भुकटी हळदूच्या छिद्रांत शिरून त्याचा पिवळा रंग मळकट करते. त्यामुळे पॉलिश पेपरला हात लावण्यापूर्वी संपूर्ण पृष्ठभागावर पातळ लाखेचा एक हात द्यावा, म्हणजे छिद्रे बंद होतात. नंतर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून १८०, २४० आणि ३२० नंबरचे पेपर क्रमाने वापरावेत आणि प्रत्येक वेळी भुकटी ब्रशने झाडावी, फडक्याने पुसू नये. शिसवाच्या धुळीने अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो, म्हणून मास्क लावूनच हे काम करावे.

या टप्प्यावर एखादी बारीक फट दिसलीच, तर त्याच लाकडाची काडी पाचरीसारखी निमुळती करून, गोंद लावून फटीत बसवावी आणि वाळल्यावर छाटावी. ती वेळखाऊ दुरुस्ती आहे, पण भुकटीच्या भरणीपेक्षा कितीतरी अधिक काळ चांगली दिसते.

पॉलिशसाठी चपडी लाख उत्तम. एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम लाख रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. पहिल्या एक-दोन हातांसाठी तिच्यात तेवढेच स्पिरिट घालून ती पातळ करावी. मऊ सुती कापडात कापूस बांधून पुरचुंडी करावी आणि तिने एका दिशेने, न थांबता, पातळ हात द्यावेत. एकाच जागी पुन्हा पुन्हा पुरचुंडी फिरवल्यास खालचा थर विरघळून ओरखडे उमटतात, म्हणून प्रत्येक हातानंतर अर्धा-पाऊण तास थांबावे. आठ-दहा हातांनंतर तारा खोलवरून उजळू लागतो. पावसाळी हवेत लाखेवर पांढुरकी छटा येते, त्यामुळे शक्य असल्यास हे काम कोरड्या दिवशी करावे. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तितकेच हात द्यावेत, म्हणजे दोन्हीकडून दमटपणा सारखाच आत-बाहेर होतो आणि फळी सपाट राहते. बिजागऱ्या आणि कडी पॉलिश आठवडाभर मुरल्यानंतरच बसवाव्यात, कारण ताज्या लाखेवर पितळेचा दाब पडला की तेथे कायमचा ठसा उमटतो.